शील कोणत्या भाषेत पाळायचं?

(वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला केलेलं भाषण)

दोस्तहो,

मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. कविता करतो म्हणून बोलावलंत, पण आज घरातलं सांगतो.

माझा बाप पंचशील घडाघडा म्हणतो. पाचवं शील दारू न पिण्याचं. ते म्हणून झालं की बाप गुत्त्यावर जातो. एकदा विचारलं, 'दादा, पाचव्याचा अर्थ काय?' तो भडकला. 'म्हणायचं असतंय, इचारायचं नसतंय!'

हे वाक्य बापाचं नव्हे. पोथीवाल्या भटाचं आहे. ते आपल्या विहारात शिरलं कसं?

विनयपिटकात, चुल्लवग्गात एक गोष्ट आहे. ब्राह्मण कुळातले दोन भिक्खू बुद्धाकडे आले. म्हणाले, नाना जातींचे लोक आपापल्या बोलीत तुमची वाणी बिघडवतात, आम्ही ती छंदसात बांधतो. बुद्धानं त्यांना झापलं. स्वतःच्या भाषेत शिका म्हणाला. पुढं बुद्धघोषानं त्याचा अर्थ लावला, 'स्वतःची' म्हणजे बुद्धाची भाषा! बोलीचा मंत्र होतो तो असा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून त्रिसरण-पंचशील पालीत घेतलं. मग लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यातही आहे. माझी आजी तेव्हा पोरगी, आईचं बोट धरून तिथं होती. दोघींना अक्षर येत नव्हतं. पाली कळली नाही, प्रतिज्ञा कळल्या. घरी येताच तिच्या आईनं देव्हारा नदीत सोडला. कळलं म्हणून हात उचलला.

पाली टाका असं मी म्हणत नाही. मागं धक्क्यावर एक सिंहली खलाशी भेटला. त्याला मराठी-हिंदी येत नव्हती, मला सिंहली. माझ्या गळ्यातला बुद्ध बघून त्यानं त्रिसरण सुरू केलं, मी पुढं म्हटलं. मग दोघं एकाच बिडीवर बसलो. जगातल्या आपल्या माणसाला भेटायला पाली पाहिजेच. पण बापाची दारू सोडवायची तर मराठी लागते.

म्हणून मागणी एवढीच : येत्या पौर्णिमेपासून प्रत्येक शील पालीत म्हणा आणि लगेच मराठीत म्हणा. कुणा म्हातारीनं मधेच अर्थ विचारला तर तिला गप्प करू नका. वंदना थांबवा, आधी तिला सांगा.

परवा मी बापापुढं पाची शीलं मराठीत म्हटली. चार त्यानं माझ्यामागून म्हटली. पाचव्याला गप्प बसला. त्या रात्री गुत्त्यावर गेला का? गेला. पण जाताना आजीकडं बघितलं नाही.

जय भीम!