मागच्या बाकावरून दिसणारं चित्र

(दहावी १९९८ बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'हा व्हिडिओ गेम बनवतो' अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा दुसऱ्या रांगेतून 'अजून?' असा आवाज आला. आवाज मी ओळखला. हो, अजून. तेव्हा शाळा बुडवून पार्लरमध्ये खेळायचो, आता त्यावर घराचा हप्ता चालतो. चालतो म्हणजे, चालायला हवा. आजची गोष्ट त्याचीच आहे.

नववीची सहल आठवते? लाल एसटी, डब्यातल्या पुऱ्या आणि देवगिरीचा किल्ला. अंधारीत शिरल्यावर गाइडने टेंभा विझवला आणि आपण सगळे किंचाळलो. काही जण अजून कबूल करत नाहीत, पण किंचाळले होते. शत्रू या भुयारात शिरला की अंधारात आपल्याच माणसांवर वार करायचा, असं गाइड सांगत होता. माझ्या डोक्यातून ती दोन मिनिटं गेलीच नाहीत. वीस वर्षांनी पुण्यात आम्ही चौघांनी मिळून त्याचाच गेम केला. एक मुलगी, हातात टेंभा, भोवती अंधार. टेंभा हेच तिचं शस्त्र आणि तोच तिचा उजेड. जोरात वार केला की ज्योत मंदावते. म्हणजे प्रत्येक फटक्याला थोडा उजेड खर्च होतो. चार वर्षं लागली. पाठीशी मोठी कंपनी नाही, जाहिरातीला पैसे नाहीत. अशा गेमला इंडी गेम म्हणतात. आमच्या घरी त्याला 'नोकरी सोडून केलेला उद्योग' म्हणतात.

आता हा माल विकायचा कुठे? स्टीम नावाचं मोठं ऑनलाइन दुकान आहे. १०० डॉलर भरले की तुमचा गेम तिथे लावता येतो. पण गुलमंडीवर निदान गिऱ्हाईक दुकानासमोरून चालत जातं, मालक हाक मारू शकतो. इथे हाक मारायला तुमच्याकडे फक्त एक चित्र असतं, पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखं. दुकानाच्या भाषेत त्याला कॅप्सूल म्हणतात. मापं ठरलेली आहेत : आडवं मुख्य चित्र ९२० बाय ४३० पिक्सेल, छोटं कॅप्सूल ४६२ बाय १७४, लायब्ररीतलं उभं ६०० बाय ९००. आकडे मोठे वाटतात, पण यादीत ते छोटं कॅप्सूल पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं. वर-खाली तशीच डझनभर तिकिटं असतात आणि माणूस अंगठ्याने यादी सरकवत असतो. त्यावर लिहायचं काय, यालाही नियम आहेत. सप्टेंबर २०२२ पासून तिथे गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. बक्षिसं, परीक्षणातली वाक्यं, सवलतीचे आकडे काही नाही. 'पाचवा हाऊसफुल आठवडा' लिहिलेली पोस्टरं बघत वाढलेल्या माणसाचे हातच बांधले म्हणायचे.

पहिलं चित्र मी स्वतः केलं. त्यात पूर्ण किल्ला होता, चांदमिनार होता, खंदक, वटवाघळं, सात शत्रू, आकाशात चंद्र, आणि या सगळ्यात कुठेतरी ती मुलगी. नाव वळणदार नक्षीच्या अक्षरांत. मोठ्या स्क्रीनवर झकास दिसायचं. आईला मोबाइलवर छोटं करून दाखवलं. ती म्हणाली, "कुणाच्या लग्नाचा अल्बम आहे?"

आपल्या चित्रकलेच्या सरांनी हे मला १९९६ मध्येच सांगितलं होतं. एलिमेंटरीची तयारी चालली होती, स्मरणचित्राला 'जत्रा' विषय होता. मी पाळणा, फुगेवाला, रेवड्या, देऊळ, हरवलेलं पोर असं सगळं कोंबलं होतं. सरांनी कागद फळ्याला लावला, मला शेवटच्या बाकावर नेऊन उभं केलं आणि विचारलं, "काय दिसतं?" मला काहीच दिसेना. पुण्यात त्या रात्री मी कॅप्सूलची छापील प्रत भिंतीला लावली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तेच. राखाडी भेळ.

मग घाबरून दुसरी चूक केली. आजूबाजूचे खपणारे गेम बघितले. केशरी सूर्यास्त, समोर डोंगराएवढा राक्षस, त्याच्यासमोर पाठमोरी उभी नायिका. तसंच चित्र करून घेतलं. फार सुंदर झालं, तिकिटाएवढंही वाचता यायचं. लोक क्लिक करू लागले, विकतही घेऊ लागले. आम्ही चौघांनी पेढे वाटले. आणि मग पैसे परत मागणारे सुरू झाले. त्या दुकानाचा नियम असा, की घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. एकाने लिहिलं होतं, 'चित्रातला राक्षस कुठे आहे?' राक्षस नव्हताच. आमचा गेम अरुंद भुयारातला, धाप लागणारा. उघड्या मैदानातल्या लढाईच्या आशेने आलेला माणूस तिथे गुदमरणारच. चूक त्याची नव्हती.

यात आम्ही पहिले नव्हतो, एवढंच समाधान. १९८७ सालचा 'मेगा मॅन' हा जपानी गेम. त्याचा नायक रोबो मुलगा, त्याचा हातच तोफ होतो. अमेरिकेत विकताना डब्यावर काय छापलं? पिवळ्या-निळ्या पोशाखातला थोराड माणूस, हातात पिस्तूल. गेममध्ये पिस्तूल नाही. ते चित्र इतकं गाजलं, म्हणजे वाईट अर्थाने, की २०१२ मध्ये कंपनीने स्वतःच दुसऱ्या एका गेममध्ये त्या माणसाला विनोदी पात्र म्हणून आणलं. आमच्यासारख्यांना चूक करून पंचवीस वर्षांनी त्यावर हसायची चैन परवडत नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं घ्या. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला, तरी २०२० मध्ये त्यांनी 'राजी : अॅन एन्शंट एपिक' बाजारात आणला. त्रिशूळ घेतलेली मुलगी हरवलेल्या भावाला शोधते, असा तो गेम. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होतं. मला त्यातलं नाव शिकण्यासारखं वाटतं. 'राजी' म्हणजे काय हे परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळायचं कारण नाही, पण त्याखालचे तीन शब्द तुम्ही कुठल्या जगात शिरताय ते सांगून टाकतात. चित्रावर फक्त नाव आणि उपशीर्षक चालत असेल, तर ते उपशीर्षक फुकट घालवायचं नाही. आम्ही आमचं त्यानंतर बदललं.

त्या दिवाळीत घरी आलो तेव्हा भाचीला घेऊन वेरूळला गेलो. सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासात, दक्षिणेच्या बाजूला दोन गोष्टी आहेत. लहानपणी दोन्ही बघितल्या होत्या, पण एकत्र कधी बघितल्या नव्हत्या. एका भिंतीवर पूर्ण रामायण आहे, छोट्या छोट्या आकृत्या, ओळींवर ओळी. जवळ उभं राहून बोट फिरवत वाचायचं. आणि त्याच बाजूला खाली, सावलीत, कैलास हलवणारा रावण. सगळे हात पसरलेले, वर पार्वती घाबरून शिवाला बिलगलेली, दासी पळत सुटलेली, शिव मात्र शांत. पर्वत अजून पडलेला नाही. भाचीने लांबूनच विचारलं, "मामा, तो काय उचलतोय?"

मी तिथेच पायरीवर बसलो. माझ्या दुकानाच्या पानावरही दोन जागा होत्या. खाली खेळातली दृश्यं, व्हिडिओ, माहिती. ती रामायणाची भिंत, तिथे किल्ला, खंदक, सातही शत्रू येऊ देत. वर मात्र एकच रावण हवा. मी रामायण तिकिटावर कोरायला निघालो होतो.

तिसरं चित्र असं झालं. जवळजवळ सगळा चौकोन काळा. मुलगी कमरेपासून वर, टेंभा फिरवताना. ज्योतीचा अर्धगोल पट्टा, त्यातून ठिणग्या गळताहेत, म्हणजे उजेड खर्च होतोय. पट्ट्याच्या टोकाला तलवार धरलेला एकच हात, बाकीचा शत्रू अंधारात. फटका अजून बसलेला नाही. ज्योतीचा पट्टा जिथे संपतो तिथून नाव सुरू होतं, साध्या जाड अक्षरांत. छोट्या कॅप्सूलमध्ये तर मुलगीही काढली. ज्योत आणि नाव, एवढंच, आणि नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली. हे करताना जीव तुटतो. चार वर्षं काढलेला किल्ला आपल्याच हाताने पुसायचा असतो. चांदमिनारासाठी मी आमच्या प्रोग्रॅमरशी दोन दिवस भांडलो आणि हरलो, ते बरंच झालं.

आईला एक सेकंद दाखवून मोबाइल पालथा ठेवला. म्हणाली, "अंधारात पोरगी कुणाला तरी मारतेय." खेळात तेवढंच आहे. खप दुसऱ्या चित्राएवढा अजून नाही, खोटं कशाला बोलू. पण घेतात ते ठेवून घेतात, आणि कधी कधी मित्राला सांगतात. हप्ता निघतोय.

सकाळी चहाच्या वेळी सरांना तिन्ही चित्रं फोनवर दाखवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं, एकाच डोळ्याचं. त्यांनी फोन हात लांब करून धरला, तिसऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "अक्षरं अजून थोडी जाड कर." सर, मधल्या सुट्टीत लॅपटॉप उघडून केली आहेत. जेवणानंतर दाखवतो.