सांडपाण्यातील जिवाणूंची वीज



गोठा धुतलेल्या पाण्यापासून वीज तयार होते, हे कळल्यावर "मग आमची विहिरीवरची मोटार त्यावर चालेल का?" असा प्रश्न हमखास येतो. वीज होते हे खरे. ती किती, हे पाहू.

सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ हे जिवाणूंचे खाद्य. ते कुजवताना इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे कण, सुटे होतात. हवेत वाढणारे जिवाणू ते प्राणवायूला देतात. पाणी भरलेल्या भातखाचराच्या चिखलात मात्र प्राणवायू नसतो. तेथील जिओबॅक्टर नावाचे जिवाणू हे कण चिखलातील लोहाला देतात आणि लोहाऐवजी ग्रॅफाइटची पट्टी ठेवली तर तिलाही देतात! अशी एक पट्टी हवाबंद सांडपाण्यात ठेवावयाची, दुसरीला हवा लागू द्यावयाची आणि दोन्ही तारेने जोडावयाच्या. तारेतून वीज वाहते, शिवाय पाण्यातील घाण कमी होते. हा झाला सूक्ष्मजैविक इंधनघट. जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडमध्ये पॉटर यांनी १९११ सालीच दाखविले होते.

आता हिशेब. वापरात असलेला एक घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब देतो. टॉर्चचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो. पट्टीच्या एका चौरस मीटरला १ वॅट धरला, तर ५ अश्वशक्तीच्या मोटारीसाठी ३,७०० चौरस मीटरहून अधिक पट्टी लागेल. म्हणजे सुमारे ३७ गुंठे! घट मोठा केला की हे प्रमाण आणखी घसरते. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मुतारीतील लघवीवर घट चालविले, त्यावर एल.ई.डी. दिवे लागले. आजची मजल साधारण एवढीच.

माझ्या मते या घटाचा खरा उपयोग डेअरी किंवा कारखान्याच्या सांडपाण्यासाठी आहे. तेथे पाण्यात हवा सोडण्यावर जी वीज खर्च होते, ती वाचू शकेल. शेतावर कोणी असा संच विकावयास आलाच, तर व्होल्ट विचारू नका. घट एकापुढे एक जोडून व्होल्ट वाढविता येतात. वॅट किती आणि किती महिने मिळतील, ते लेखी मागा.

गोठ्यातील शेणासाठी गोबरगॅसच बरा. रोज ५० किलो शेण मिळत असेल तर २ घनमीटरचे संयंत्र चालते. शेण कालविण्यास गोठा धुतलेले पाणी चालेल, फिनेलचे मात्र नको. त्याने संयंत्रातील जिवाणू मरतात.