खिडकीच्या आतली माणसं



दीक्षान्त समारंभाला बहुधा शास्त्रज्ञ, उद्योगपती नाहीतर न्यायमूर्ती बोलावतात. यंदा विद्यापीठानं एका निवृत्त उपकुलसचिवाला बोलावलंय. म्हणजे ज्याच्या सहीसाठी तुमच्यासारख्यांनी हेलपाटे घातले, अशा माणसाला. माझी नोकरी विद्यार्थी कल्याण, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि शेवटी समान संधी कक्ष अशा विभागांत गेली. भाषणांत या कामाला सर्वसमावेशक शिक्षण म्हणतात. कार्यालयात त्याला नुसतं ‘ती फाइल’ म्हणतात. मला आज फाइलीबद्दलच बोलायचंय.

सोलापूरकरांनी अभिमानानं सांगावी अशी एक फाइल १९२५ सालची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी सभेनं वसतिगृह काढलं, ते इथं, सोलापुरात. ४ जानेवारी १९२५ पासून ते सुरू झालं. मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय तर होतीच, पण कपडे आणि लेखनसाहित्य यांचा खर्चही सभाच करत असे. सोलापूर नगरपालिकेनं या वसतिगृहाला ४० रुपयांचं अनुदान दिलं.

इतिहास वाचणारे या ओळींवरून पुढं जातात. मी कारकून माणूस, मी अडतो ते ‘कपडे आणि लेखनसाहित्य’ इथं. शाळेत नाव घातलं की मूल फाटकापर्यंत पोचतं. दुसऱ्या दिवशी मास्तर वही मागतात. तिसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा सदऱ्याकडं बघून हसतो. आठवड्याभरात पोरगं गावाकडं परत. हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच खर्चाच्या यादीत सदरा आणि वही घातली असणार. आणि ते ४० रुपये? नगरपालिकेत कुणीतरी तो विषय सभेपुढं मांडला असेल, कुणी नाक मुरडलं असेल, कुणी मान खाली घालून बिल काढलं असेल. त्या माणसांचे पुतळे नाहीत. पुढं जानेवारी १९३८ मध्ये याच नगरपालिकेनं बाबासाहेबांना मानपत्र दिलं, त्याचे उल्लेख सापडतात. बिल काढणाऱ्याचं नाव कुठं सापडत नाही.

वसतिगृहाचा विषय निघाला म्हणून थोडं पलीकडं जातो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वेगवेगळी बोर्डिंगं उभी केली. आज काही विद्वान त्याला नावं ठेवतात. पण त्या काळी सगळ्यांना एका पंगतीला बसवलं असतं, तर पालकांनी मुलं घरी नेली असती. महाराजांना मुलं शिकलेली हवी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात ती पंगतच एक केली. सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहू लागली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं, म्हणजे वाट वेगळी धरणाऱ्यानं आधीच्याचा मान ठेवला. मला विचाराल तर भाऊरावांची वाट जास्त अवघड होती, आणि ती अजून चालून संपलेली नाही. कितीतरी मेसमध्ये मी पाहिलंय: नियम एक, स्वयंपाक एक, आणि टेबलं मात्र आपोआप वाटून घेतलेली. त्यावर परिपत्रक काढता येत नाही. आमच्या एका वॉर्डनबाईंनी काय केलं, तर वाढपाच्या पाळ्या खोल्यांप्रमाणे न लावता हजेरी क्रमांकाप्रमाणे लावल्या. ज्याच्या हातचं रोज खायचं त्याच्यापासून लांब बसणं अवघड जातं.

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. ते उत्तम शिक्षण-प्रशासक होते, हे फारसं बोललं जात नाही. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं आणि तिथं सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. वेळापत्रक! त्याला ना अनुदान लागतं ना इमारत. आपल्या शहराच्या पूर्व भागात आईबरोबर हजार विड्यांचा हिशोब पुरा करून कॉलेजला येणाऱ्या मुली आहेत, रात्रपाळीत यंत्रमाग चालवून सकाळी प्रॅक्टिकलला उभी राहणारी मुलं आहेत. कुंभारीच्या गोदूताई घरकुलातून निघून दोन वाहनं बदलत येणारे आहेत. पहिल्या तासाची हजेरी किती काटेकोर घ्यायची, हे ठरवणारा प्राचार्य समावेशाबद्दल एक शब्दही न बोलता दार उघडतो किंवा लावतो.

दार कुठं आहे, यालाही महत्त्व असतं. २००४ च्या आधी आपली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. त्यांनी ‘कमवा आणि शिका’ योजना विद्यापीठात आणली, तिच्यावर कितीजणांची घरं उभी राहिली. ते ऋण मोठं आहे. पण गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायला करमाळ्याच्या मुलाला कोल्हापूर गाठावं लागे, मुक्काम पडे, बापाचा रोज बुडे. १ ऑगस्ट २००४ ला एकट्या सोलापूर जिल्ह्यापुरतं हे विद्यापीठ झालं, डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू झाले, तेव्हा ‘एवढुसं विद्यापीठ’ म्हणून हसणारे होते. तो मुलगा आता केगावच्या आपल्या विद्यापीठात काम उरकून संध्याकाळी घरी जातो.

आता भाषेबद्दल. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणारं आपलं शहर, असं प्रत्येक पाहुणा इथं सांगून जातो. ते खरंच आहे. पण कौतुकानं फॉर्म भरला जात नाही. तेलुगू घरातल्या मुलाचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर तिसरं. चूक लिहिणाऱ्याची, हेलपाटे मुलाचे. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘त्रुटी’ असा शेरा घेऊन परत येतो, मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र, तोवर मुदत संपलेली. मी नोकरीत असताना आमच्या विभागातल्या एका वरिष्ठ लिपिकांनी दर गुरुवारी फक्त नावाच्या भानगडींचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. सगळी कागदपत्रं एकदाच बघायची, काय कमी आहे ते एकाच चिठ्ठीवर लिहून द्यायचं, दुसऱ्या खेपेला काम करून द्यायचं. वरून कसलाही आदेश नव्हता. निवृत्तीच्या दिवशी त्यांना नेहमीसारखा शाल-नारळ मिळाला.

भाषेवरूनच आठवलं, याच सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. युद्ध चालू होतं, दुभाष्यावर भागवता आलं असतं. ते चिनी शिकले, त्याच भाषेत रुग्णांशी बोलले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं. जखमी सैनिकानं मराठी किंवा इंग्रजी शिकावी, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. शिकण्याचं ओझं डॉक्टरनं उचललं. आपल्या कार्यालयांत नेमकं उलटं चालतं: खिडकीबाहेरच्यानं आमची भाषा, आमचे नमुने, आमच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ सगळं शिकून यावं.

कायद्यांची आपल्याकडं वाण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. पण ती २० मिनिटं मिळतात कधी, तर पर्यवेक्षकाला ते परिपत्रक ठाऊक असेल तेव्हा. एका दृष्टिहीन मुलीनं मला सांगितलं होतं, ‘सर, जादा वेळ नको, पण लेखनिक कोण ते दोन दिवस आधी कळू दे. तिला माझा आवाज कळायला हवा.’ ही मागणी तोवर आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. खर्च शून्य होता.

मुलांनो, तुमच्यातले बरेचजण स्पर्धा परीक्षा द्याल. कुणी तहसीलमध्ये, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी एखाद्या कंपनीच्या भरती विभागात बसाल. आजवर तुम्ही खिडकीच्या बाहेर उभे होता, आता आत बसणार. खुर्ची मिळाली की बाहेरच्या रांगेचा विसर फार लवकर पडतो, हे मी खुर्चीत बसूनच पाहिलंय. ‘उद्या या’ म्हणण्याआधी समोरचा कुठून आलाय एवढं विचारा. माढा असेल तर उद्या या म्हणू नका.

आणि विद्यापीठाला एक विनंती. परीक्षा विभागाच्या खिडकीवर आठवड्यातून एक दिवस तरी तेलुगू आणि कन्नड बोलणारा कर्मचारी बसवावा, पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या पालकांसाठी. अशी माणसं शोधायला लांब जायला नको. ती आत्ता या मंडपात पदवीची झूल घालून बसली आहेत, आणि उद्या जाहिरात निघाली तर परवा अर्ज घेऊन हजर होतील.