चेहरा ओळखणारा टॅबलेट घ्यावा का?
नवा टॅबलेट तोंड बघून उघडतो म्हणतात. पण तो चेहरा ओळखतो कशानं, हे आधी विचारा. ॲपलच्या आयपॅड प्रो टॅबलेटमध्ये 2018 पासून आलेली यंत्रणा चेहऱ्यावर 30,000 हून अधिक अदृश्य ठिपके टाकून नाकागालांचा उंचसखलपणा मोजते. म्हणून ती अंधारातही चालते, छापील फोटोला फसत नाही. बरेच स्वस्त टॅबलेट मात्र नुसत्या सेल्फी कॅमेऱ्यावर भागवतात. अशा टॅबलेटवर बँकेचं ॲप अनेकदा पिनच मागतं. तुमच्या जुन्या टॅबलेटवर बोटाचा ठसा नीट चालतोय, सुरक्षेचे अपडेट येताहेत? मग केवळ चेहऱ्यापायी पैसे घालू नका. शेतकामानं, धुण्याभांड्यांनी ठसे झिजले असतील, तर मात्र जरूर घ्या. पण दुकानातच चष्मा लावून, काढून, मंद उजेडात उघडून बघा.