भिंतीतल्या तारांतून इंटरनेट

राउटर दिवाणखान्यात, संगणक माडीवर आणि मधे जाड भिंती असल्या, की वाय-फाय वर पोचेपर्यंत क्षीण होतं. त्यासाठी भिंत फोडू नका. पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी आणा. घरच्या तारांतून 50 हर्ट्झची वीज वाहते. त्याच तारांवरून हे अडॅप्टर कितीतरी वरच्या, मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेवर माहिती पाठवतात. एक राउटरपाशी, दुसरा संगणकापाशी, दोन्ही थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. स्पाइकगार्डमध्ये मुळीच नको, तो या लहरीच गाळून टाकतो! थ्री-फेज जोडणी असेल तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. खोक्यावर छापलेल्या वेगाचा थोडाच भाग प्रत्यक्षात मिळतो, पण मुलांच्या ऑनलाइन तासाला तो सहसा पुरतो.