कुंडींतील संत्र्याला पुन्हां बहार

गोंदिया जिल्ह्यांतील इटियाडोह हें गाढवी नदीवरील धरणाचें ठिकाण. पाटाचें पाणी, धानाच्या बांध्या आणि पावसाळ्यांतील चिखल असा हा मुलूख. संत्र्याच्या मोठ्या बागा पश्चिमेस नागपूर-अमरावतीकडच्या. पण ओसरीवरच्या कुंडींत संत्र्याचें किंवा कागदी लिंबाचें ठेंगणें कलम जोपासण्यास बाग लागत नाहीं. अशा झाडास कीड लागून वर्ष-दोन वर्षें फूल आलें नाहीं, म्हणजे 'झाड वांझ झालें' म्हणून तें उपटण्याची घाई होते. ती बहुधा अन्यायाचीच असते.

पानें काजळी फांसल्यासारखीं काळीं पडतात, त्या रोगास विदर्भांतील बागाईतदार 'कोळशी' म्हणतात. परंतु काळा थर हा मूळ अपराधी नव्हे. पानांच्या पाठीवर काळ्या माशीचीं पिलें बसून रस शोषितात. त्यांच्या अंगांतून गोड चिकटा पाझरतो व त्यावर बुरशी चढते. मग पानास ऊन मिळत नाहीं, ऊन नाहीं म्हणून अन्न तयार होत नाहीं. आणि जें झाड स्वतःच उपाशी, तें फुलावें कशाच्या बळावर? वरची काजळी नुसती पुसून भागत नाहीं. पान उलटून पाहिलें पाहिजे. लिटरभर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळीचें तेल व तें मिसळण्यापुरता साबण घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या पाठीवर फवारावें. अंडीं एका फवाऱ्यानें मरत नाहींत, म्हणून आठ-दहा दिवसांनीं पुन्हां फवारावें.

मुंग्यांकडेही दुर्लक्ष करूं नये. चिकट्याच्या लोभानें त्या किडीची राखण करितात व किडी खाणाऱ्या ढालकिड्यांस हांकून लावतात. कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवितात, तशीच कुंडीची तिवई पाण्यांत उभी करावी. ढालकिडा दिसावयास क्षुद्र. पण 1888 सालीं ऑस्ट्रेलियांतून कॅलिफोर्नियास नेलेल्या या जातीच्या किड्यांनीं तेथील लिंबूवर्गीय बागा पिठ्यासारख्या एका किडीपासून वांचविल्या. जहाल विष फवारणारा आपल्याच राखणदारास मारितो.

कीड गेली कीं लगेच फूल हवें, येथें बहुतेकांचें चुकतें. झाडाच्या दयेपोटीं मूठभर युरिया घातला जातो. त्यानें लुसलुशीत पालवी फुटते, आणि सायला व नागअळी यांना तीच हवी असते. त्याऐवजीं फांदीची साल नखानें किंचित् खरवडून पाहावी. खालीं हिरवी असेल ती फांदी जिवंत. वाळलेली तेवढीच छाटावी. डोळा बांधलेल्या जागेखालून जंबेरीचा फुटवा जोमानें वाढत असेल, तर तो निर्दयपणें काढावा, नाहीं तर कलम मागें पडून जंबेरीच राज्य करील. मुळें कुंडीभर गुंडाळलीं असल्यास बाहेरचीं थोडीं छाटून ताजी माती व कुजलेलें शेणखत द्यावें. या हंगामांत चुकून कळी आलीच तर खुडावी. नवी पालवी गडद व राठ होईपर्यंत ताणाचें नांव काढूं नये.

ताण म्हणजे पाणी तोडून झाडास विसांवा देणें. धानास उभें पाणी मानवतें, संत्र्याचीं मुळें त्यांत कुजतात. धानाच्या मुलुखांतील माणसाच्या हातून कुंडीला पाणी अधिकच पडतें, हा संवयीचा दोष. आंब्याच्या मोहोराच्या सुमारास येणाऱ्या आंबिया बहारासाठीं डिसेंबरांत पाणी तोडावें. बागेंतील भारी जमिनींत हा ताण कित्येक आठवडे चालतो. कुंडींत मात्र हिशेब दिवसांचा. दुपारीं माना टाकलेलीं पानें सकाळीं सावरतात तोंवर थांबावें. सकाळींही तीं मलूल दिसलीं कीं ताण पुरे झाला. मग प्रथम थोडें, दोन-तीन दिवसांनीं अधिक, असें पाणी वाढवावें. एकदम कुंडी भरली तर आलेल्या कळ्याही गळतात.

जानेवारी-फेब्रुवारींत पांढऱ्या कळ्या दिसतील. त्यांतील बहुतेक आपोआप झडतात, त्यानें घाबरूं नये. आजारांतून उठलेल्या झाडावर दहा-बारा फळें धरलीं, तरी तीन-चारच ठेवावीं व बाकीचीं सुपारीएवढीं असतांनाच काढावीं. घरांतील मुलें रुसतील. त्यांच्यासाठीं एखादें अधिक राहूं द्यावें.