एक संकेत, दोन यंत्रे
(रत्नागिरी येथे तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऐन मे महिन्यात आमरसाचे डबे वाहून नेणारा पट्टा बंद पडला, तर काय हानी होते हे रत्नागिरीकरांना सांगावयास नको. अशा पट्ट्याच्या मोटारीच्या आसावर एन्कोडर बसविलेला असतो. आस फिरताच तो विद्युत्-स्पंद पाठवितो. वेग राखणारा ड्राइव्ह आणि डब्यांची जागा ओळखणारा नियंत्रक, दोघांनाही तेच स्पंद हवे असतात. म्हणून तारेला वाटेल तेथे फाटा जोडू नये. एन्कोडरचा प्रकार आधी पाहावा.

आरएस-422 प्रमाणानुसार एक प्रेषक 10 ग्राहकांपर्यंत संकेत पुरवू शकतो. मात्र तार एका यंत्राकडून दुसऱ्याकडे ओळीने न्यावी आणि अंत्यरोध केवळ शेवटच्या यंत्रापाशी ठेवावा. दोन्हीकडे रोध राहिल्यास संकेत क्षीण होऊन स्पंद निसटू शकतात. एन्कोडरला वीज एकाच यंत्राने द्यावी. ओपन कलेक्टर प्रकारात, अथवा शंका असेल तेथे, विलगीकरण करणारा संकेत-विभाजक वापरावा. खाऱ्या हवेने गंजणारे जोडही तपासावेत.

वेगाचे भान सुटलेल्या मोटारीजवळ कामगाराचे हात असतात. बाहेरगावचा तंत्रज्ञ येईपर्यंत हंगाम थांबत नाही. हे कौशल्य येथील तरुणांनीच आत्मसात करावे, एवढीच अपेक्षा.